मधल्या नळकांड्यावरचा आकडा

जुन्या नाशकात एक वाडा रिकामा होत होता. पाडकाम सुरू व्हायच्या आधी माळ्यावरचं सामान अंगणात उतरवलं. त्यात पितळी घागरी निघाल्या, दोन समया, गळका बंब आणि गोणपाटात गुंडाळलेला एक ट्रम्पेट. भंगारवाल्यानं बाकीच्या पितळेबरोबर तोही काट्यावर ठेवला. एक किलो आणि वर शंभरेक ग्रॅम भरला. त्यानं मोडीचा भाव सांगितला. घरातल्या काकूंनी मला निरोप पाठवून बोलावून घेतलं होतं. "मामंजींचा आहे. लग्नसराईत वाजवायचे. याचं खरं काय येईल तेवढं सांगा," म्हणाल्या.

नाशिककरांना पितळ नवं नाही. तांबट आळीतली ठोक्यांची लय आणि भांडी बाजारातल्या उतरंडी ही या गावाची जुनी ओळख. १८८३ साली निघालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरनंही इथल्या तांब्या-पितळेच्या कामाची नोंद घेतली आहे. त्यामुळे पितळेचा हिशेब आपल्या अंगवळणी पडलेला आहे. नवं भांडं घेताना वजन अधिक मजुरी द्यायची, जुनं देताना मजुरी सोडायची आणि मोडीचे पैसे घ्यायचे. घागरीला हा हिशेब बरोबर लागू पडतो, कारण घागर फुटली तरी पितळ तेच राहतं. वाद्याला तो लावला की मात्र घात होतो. ट्रम्पेटमध्ये पितळ जेमतेम किलोभर असतं. पैसे असतात ते तीन पिस्टनांच्या घडणीत, आणि ती घडण काट्यावर चढत नाही.

हे वाद्य आपल्याकडे आलं छावणीच्या वाटेनं. देवळालीची छावणी १८६१ पासूनची. इंग्रजी पलटणी यायच्या-जायच्या, पलटणीबरोबर बँड असायचा आणि बँडमागे लंडनहून आलेली वाद्यं. पलटणींच्या बँडमध्ये शिकलेले देशी वादक पुढे संस्थानिकांकडे, पोलिसांच्या बँडमध्ये आणि लग्नाच्या वरातीत गेले. मेरठच्या नादिर अली अँड कंपनीची सुरुवातही अशीच, १८८५ साली, लष्करी बँडमधल्या एका माणसानं केलेली. आधी विलायती माल आणून विकायचा आणि मग स्वतःच घडवायचा, असा तो प्रवास. मेरठच्या जली कोठी भागात आजही बँडची पितळी वाद्यं घडतात आणि देशभरच्या वरातींत वाजतात. महाराष्ट्रातल्या जुन्या बँडवाल्यांकडे म्हणूनच दोन कुळांचा माल सापडतो, एक विलायती आणि दुसरा मेरठचा.

आणि एक तिसरी वाट होती, मुंबईच्या स्टुडिओंतून येणारी. पुणतांब्याला जन्मलेल्या संगीतकार सी. रामचंद्रांनी १९५१ च्या 'अलबेला'त जो पाश्चात्त्य बाज आणला, त्यामागे चिक चॉकलेट हे गोव्याचे ट्रम्पेटवादक होते. अंतोनियो झेवियर वाझ हे त्यांचं खरं नाव. मुंबईच्या ताजमध्ये ते जॅझ वाजवायचे, रामचंद्रांचे सहायक म्हणून काम करायचे आणि 'अलबेला'त पडद्यावरही दिसतात. सिनेमातली ती गाणी वरातीत वाजवायची तर बँडमध्ये ट्रम्पेट हवाच. पुणतांबा ते नाशिक अंतर फार नाही, पण हा सूर मुंबईला वळसा घालून इथे आला. काकूंचे सासरे त्याच काळातले वाजवणारे.

अंगणातल्या बाजेवर ट्रम्पेट ठेवला आणि आधी एकाच गोष्टीसाठी हात जोडले: घासू नका. काकूंनी चिंच भिजत घातलीच होती. समईला चिंच चालते. वाद्यावर लाखेचा किंवा चांदीचा पातळ थर असतो, आंबटानं आणि घासणीनं तो जातो. शिवाय भोंग्यावरचं कोरीव काम म्हणजे सुईनं ओढलेल्या रेघा. यंत्रावर एकदा पॉलिश केलं की त्या रेघांच्या कडा गुळगुळीत होतात, आणि जाणकार गिऱ्हाईक बोट फिरवूनच ओळखतो की या वाद्यावर हात फिरलेला आहे. चकचकीत जुना ट्रम्पेट पाहिला की माझा संशय वाढतो. काळवंडलेला असला तर बरं वाटतं.

ओल्या फडक्यानं धूळ पुसल्यावर भोंग्यावर अक्षरं उमटली: बूझी अँड हॉक्स, लंडन. खाली मेड इन इंग्लंड आणि रीजंट हे मॉडेलचं नाव. काकूंचा मुलगा म्हणाला, "पणजोबांच्या वेळचा असेल, १९२० चा वगैरे." तसा तो असूच शकत नाही. बूझी आणि हॉक्स या दोन वेगळ्या कंपन्या होत्या आणि त्या एक झाल्या १९३० साली. दोन्ही नावं एकत्र कोरलेली असली म्हणजे वाद्य त्यानंतरचं. नुसतं हॉक्स अँड सन असतं तर आधीचं म्हटलं असतं. वय ठरवायची ही पहिली आणि सगळ्यात सोपी रीत. नावाबरोबर गावही वाचायचं. व्हिन्सेंट बाखच्या ट्रम्पेटवर न्यूयॉर्क असेल तर तो १९५३ च्या आधीचा, माउंट व्हर्नन असेल तर त्यानंतरच्या बारा-एक वर्षांतला, एल्कहार्ट असेल तर १९६५ च्या पुढचा. ओल्ड्सवर लॉस एंजेलिस आधी येतं, फुलर्टन नंतर. यामाहानं ट्रम्पेट बनवायला घेतला १९६५ ला, तेव्हा 'आजोबांचा स्वातंत्र्यापूर्वीचा यामाहा' ही गोष्ट कुणी सांगितली तर हसून सोडून द्यावी. आपल्याकडे आलेल्या बऱ्याच वाद्यांवर चेकोस्लोव्हाकिया लिहिलेलं असतं. तो देशच १९९३ च्या १ जानेवारीला दुभंगला, त्यामुळे ते नाव असलेला ट्रम्पेट त्याआधीचा. देशांच्या फाळण्याही वाद्याचं वय सांगतात.

पण नाव म्हणजे पुरावा नव्हे. मुंबईच्या चोर बाजारात जुन्या कंपनीचं चित्र लावलेले नवे ग्रामोफोन विकले जातात, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पितळेवर लंडन कोरायला लंडनला जावं लागत नाही. म्हणून भोंग्यावरून नजर उतरवून मधल्या पिस्टनच्या नळकांड्यावर आणायची. कारखान्याचा अनुक्रमांक बहुधा तिथेच ठोकलेला असतो. काकूंच्या ट्रम्पेटवर सहा आकडी क्रमांक होता. मी वरची टोपी फिरवून पिस्टन हळूच वर ओढला. अनेक इंग्रजी वाद्यांत पिस्टनवरही तोच क्रमांक किंवा त्याचे शेवटचे आकडे असतात, आणि जोडीला एक, दोन, तीन असे अनुक्रम. आकडे जुळले तर अंग आणि आत्मा एकाच घरचे. जुळले नाहीत तर कुणीतरी एका वाद्याचे पिस्टन दुसऱ्यात घातले आहेत. बँडमध्ये हे फार होतं. वरात दारात उभी असताना पिस्टन अडला तर वाजवणारा दुसऱ्या ट्रम्पेटचा पिस्टन काढून बसवतो आणि वेळ मारून नेतो. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. पण किंमत तिथेच पडते.

का पडते, हे कळायला पिस्टन हातात घेऊन पाहायला हवा. बोटाएवढा धातूचा दंडगोल, त्याला आरपार वाकडी भोकं. फ्रान्सच्या पेरिनेनं १८३९ च्या सुमारास बसवलेली ही रचना आजही तशीच आहे. पिस्टन दाबला की भोकं सरकतात, वारा जास्तीच्या नळीतून फिरून येतो आणि सूर उतरतो. मधला पिस्टन अर्धा सूर उतरवतो, पहिला एक, तिसरा दीड. हे सगळं चालतं ते पिस्टन आणि नळकांडं यांच्यातली फट केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी असते म्हणून. चाळीस वर्षं धुळीत वाजवलं, तेल न घालता दाबलं की ही फट वाढते. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण वारा तिथून निसटतो आणि फुंकणाऱ्याची छाती भरून येते.

फट तपासायला यंत्र लागत नाही. ज्या पिस्टनची फट पाहायची त्याची बाजूची नळी, पिस्टन न दाबता, झटकन ओढून काढायची. बाटलीचं बूच उडाल्यासारखा 'पॉक' आवाज आला तर वारा कोंडून राहतो आहे. नुसतं फुस्स झालं तर गळती. काकूंच्या ट्रम्पेटचा पहिला पिस्टन असा वाजला की अंगणातली पोरं हसली. दुसराही ठीक. तिसरा फिका. तिसऱ्याची नळी मुळात अडकलीच होती. भंगारवाल्याचा पोरगा पक्कड घेऊन पुढे आला, त्याला थांबवलं. अडकलेल्या नळीला पक्कड लावली की ती लंबगोल होते, आणि मग ती कुणाच्याच बापाला सरळ करता येत नाही. जोडावर तेलाचे थेंब सोडायचे, रात्रभर ठेवायचं, फडक्याचा फास घालून ओढायचं. आम्ही दुसऱ्या दिवशी ओढली.

मग टॉर्च. तोंडाजवळच्या पहिल्या सरळ नळीत वाजवणाऱ्याच्या श्वासाचा ओलावा साठतो आणि तिथल्या पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं. मागे राहतं ते गुलाबीसर, ठिसूळ तांबं. बाहेरून तांबूस ठिपके दिसले तर समजावं की नळी आतून खायला लागली आहे. ती बदलता येते, पण खर्च आहे, आणि तो किमतीतून वजा करायचा. पोचे त्या मानानं कमी महत्त्वाचे. भोंग्याच्या कडेचा पोचा दिसायला वाईट, आवाजाला फारसा नडत नाही. पिस्टनच्या नळकांड्यावर बसलेला लहानसा पोचा मात्र वाद्य मारतो. एक गोष्ट इथे स्पष्ट सांगतो, कारण नाशकात हा मोह होतो: तांबट आळीतल्या हातांबद्दल मला अतिशय आदर आहे, पण ट्रम्पेटचा पोचा घागरीसारखा हातोडीनं काढू नये. त्याला आतून नेमक्या मापाचा दांडा किंवा पोलादी गोळा लागतो. ठोकून पत्रा ताणला की नळीचं माप बदलतं आणि सूर हलतो.

सुरावरून आठवलं. फार जुन्या इंग्रजी वाद्यांना एक छुपं दुखणं असतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इंग्लंडातले बँड वरच्या पट्टीत जुळवलेले असत. आजचा 'ए' सूर ४४० कंपनांचा, तेव्हाचा ४५२ च्या आसपास. फरक जवळपास पाव सुराचा. लष्करानं ती पट्टी १९२० च्या दशकाअखेरीस सोडली, तिथल्या पितळी बँडांनी थेट १९६० च्या दशकात. अशा ट्रम्पेटची मुख्य नळी पूर्ण बाहेर ओढली तरी तो कीबोर्डशी नीट जुळत नाही. आज वरातीच्या गाडीवर कीबोर्ड आणि बँजो असतोच, तेव्हा या पट्टीचं वाद्य संग्राहकाला हवं असेल, बँडला नको असतं. फोनवर सूर मोजायची सोय आहे, दोन मिनिटांत कळतं. काकूंचा ट्रम्पेट आजच्या पट्टीतला निघाला.

आता किंमत. जगात ट्रम्पेटला मोठ्या रकमा आल्या आहेत. जॅझवादक डिझी गिलेस्पीचा वाकड्या भोंग्याचा ट्रम्पेट १९९५ मध्ये ख्रिस्तीजच्या लिलावात ६३ हजार डॉलरला गेला, माइल्स डेव्हिसचा २०१९ मध्ये २ लाख ७५ हजारांना. दोन्ही मार्टिन कंपनीचे. ही किंमत वाजवणाऱ्याची आहे, तिच्यावरून आपल्या माळ्यावरच्या वाद्याचा अंदाज बांधू नये. त्याखालची पायरी म्हणजे नावाजलेल्या हातांनी घडवलेली मॉडेलं: जुने बाख, मार्टिनची कमिटी, जुने बेसाँ. त्यांना आजही वाजवणारे शोधत येतात. आणि मग शिकाऊंसाठी काढलेला माल, जो कितीही जुना झाला तरी शिकाऊंचाच राहतो. रीजंट हे बूझी अँड हॉक्सचं स्वस्तातलं मॉडेल. चांगल्या अवस्थेतला रीजंट इंग्लंडात शंभर पौंडांच्या आसपास मिळतो. जुनं म्हणजे मौल्यवान, हा आपला समज इथे चालत नाही. वाजतं ते मौल्यवान.

काकूंना मी हेच सांगितलं. नाव खरं, आकडे जुळतात, दोन पिस्टन चांगले, तिसरा मध्यम, पहिली नळी स्वच्छ, भोंग्याला एक पोचा. साफ करून, तेल घालून, बुचाचे तुकडे बदलून शिकणाऱ्या मुलाला द्यावा असा आहे. लाखाचा नाही, पण मोडीच्या कित्येक पटीनं जास्त. आणि गोणपाटात ट्रम्पेटबरोबर एक गोष्ट होती जी भंगारवाल्यानं बघितलीही नव्हती: मूळचं माउथपीस, कड झिजून चांदी गेलेली, डाव्या बाजूला जरा जास्त. सासरे ओठाच्या डाव्या बाजूनं फुंकायचे, हे काकूंना एकदम आठवलं.

आता वाकडी बारवेपासून निघणाऱ्या गणपतीच्या मिरवणुकीत ढोलांचा जोर असतो, वरातींत डीजे असतो, आणि पितळी वाद्यं जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरून खाली उतरताहेत. वाडेही पडताहेत. तुमच्याकडे असं एखादं वाद्य निघालं तर ते घासू नका आणि लगेच काट्यावरही ठेवू नका. भोंग्यावरचं नाव आणि गाव लिहून घ्या, मधल्या नळकांड्यावरच्या आकड्याचा फोटो काढा, माउथपीस हरवू देऊ नका, आणि विकायच्या आधी बँडमधल्या कुणा जुन्या माणसाला बोलावून ते एकदा त्याच्या ओठाला लावू द्या.