पाटी बदलली, शिवार तेच

सभासद बंधूंनो, शेतकी खात्याच्या गटांची फेररचना झाली की आमच्या माणसांत कुजबुज होते आणि तुम्हांला धास्ती : नवा सहायक आपली ऊसनोंद सांभाळेल ना?

पनवेल-करंजा पट्ट्यातली खारजमीन पाहा. १९७२ साली दापोलीचे कृषी विद्यापीठ झाले, पनवेलचे खारभूमी संशोधन केंद्र त्याच्याकडे आले. पाटी बदलली, काम तेच राहिले. खारट मातीत तगणारे पनवेल-१, २, ३ हे भाताचे वाण तिथलेच. वाण काही एका हंगामात होत नाही, माणसे टिकवावी लागतात.

नुसत्या भाषणाने हुरूप येत नाही, बरं का! आम्ही जुन्या सहायकाला नव्याबरोबर बांधाबांधाने फिरवतो, लागणीच्या तारखा जागेवर ताडतो. तोडीचा क्रम तारखेप्रमाणेच. फरक दिसल्यास गट ऑफिसात लगेच कळवा.