धुऱ्यावर ठरणारं पाणी

आर्द्रा कोरडी गेली की बालाघाट जिल्ह्यातल्या किरनापूरकडच्या धान शेतकऱ्याचा जीव पऱ्ह्यात अडकतो. मृगात टाकलेले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, पंचवीस-तीस दिवसांत रोवायला हवेत. पाऊस लांबला तर ते चाळीस-पंचेचाळीस दिवसांचे होतात, कांडं धरतात आणि मग कितीही खत घाला, फारसे फुटवे येत नाहीत. पाऊस आता असाच पडतो: महिनाभर ओढ, मग दोन दिवसांत धुरे फोडणारं पाणी.

कोवळं रोप लावणाऱ्या ‘श्री’ (SRI) पद्धतीची रोवणी मी बांधीत, धानाच्या खाचरात, उतरून पाहिली ती याचसाठी. रोप अवघं दहा-बारा दिवसांचं, दोन पानांचं, मुळाशी बियाण्याचं टरफल अजून चिकटलेलं. ते उपटायचं नाही, मातीसकट अलगद उचलायचं आणि मुळं सुकायच्या आत लावायचं. दोरीला 25 सेंटिमीटरवर खुणा, एका खुणेशी एकच रोप. अंगठा आणि तर्जनीत धरून बाया ते चिखलात आडवं सरकवतात. वरून दाबलं तर मुळाचं टोक वर वळतं आणि रोप लवकर जीव धरत नाही. बांधीत पाणी जवळजवळ नाहीच. वर्षानुवर्षं मूठभर रोपांची चूड रोवलेल्या हाताला हे एकटं काडीएवढं रोप लावताना धीर होत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

ही रीत फादर आंरी द लोलानिए यांनी 1980च्या दशकात मादागास्करमध्ये बसवली. एकरी वीस-पंचवीस किलोऐवजी दोन-अडीच किलो बी पुरतं. मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. पाऊस हुकला तर पऱ्हे दुसऱ्यांदा टाकता येतात आणि घरातलं बी संपत नाही.

पुढे पाणी आलटून पालटून द्यायचं. जमिनीला बारीक भेगा दिसू लागल्या की पुन्हा ओल. सतत तुंबलेल्या चिखलात हवा नसते, तिथले जिवाणू मिथेन तयार करतात. मधूनमधून बांधी सुकू दिली तर तो साधारण निम्म्याने घटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीसपट वातावरण तापवतो. पण पाणी नाही म्हणजे तण आलं. तण काढायचं कोनोवीडर चिखलात ढकलणं कंबरेचं काम आहे आणि ते वेळेवर झालं नाही तर सगळी मेहनत वाया.

खोलगट बांधीत हे जमत नाही. तिथे पाणी निघतच नाही. बालाघाटच्या ज्या चिन्नोरला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो उशिरा येणारा धान अशा ओल टिकणाऱ्या बांधीतच राहू द्यावा.

खरी अडचण मात्र वेगळीच. इथे पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरतं. मला माझी बांधी सुकवायची असेल आणि खालच्याला पाणी हवं असेल, तर ते माझ्याच शेतातून जाणार. म्हणून हे एकट्याचं काम नाही. पाण्याची पाळी शेजाऱ्यांनी धुऱ्यावर बसून ठरवायची असते, तलावाची मोरी कधी उघडायची तेही त्याच बैठकीत. जिथे बांध्यांच्या कडेने पाण्याचा वेगळा पाट काढलेला असतो, तिथे हे भांडण मिटतं. बियाणं आणि प्रात्यक्षिकं पुष्कळ वाटली जातात. पंचायतींनी आणि कृषी विभागाने आधी हे पाट काढून द्यावेत.