दारातले लिंबू आणि अंगातले रक्त

वस्तीतल्या घरांना अंगण नसते. दाराबाहेरची दोन फूट जागा, पायरी किंवा गॅलरीचा कठडा एवढेच हाताशी असते. पण तिथे रोज चार-पाच तास ऊन येत असेल, तर दोन फळझाडे आणि चार फुलझाडे सहज होतात. आरोग्याच्या पानावर आम्ही हे लिहितो आहोत, कारण विषय रक्तक्षयाचा आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभरांपैकी ५४ महिलांना रक्तक्षय आहे. आपल्या बाजरीत, डाळीत, पालेभाजीत लोह असते. पण धान्य-भाजीतले लोह शरीर पुरते घेत नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल, तर ते जास्त घेतले जाते. लिंबू, पेरू आणि पपईत हे जीवनसत्त्व भरपूर असते. म्हणून ताटात वाढल्यावर भाजीवर लिंबू पिळा. शिजताना घातले तर उष्णतेने जीवनसत्त्व कमी होते. चहाने लोह अडते, म्हणून जेवणानंतर तासभर चहा नको.

कशात लावाल?

फळझाडाला दीड-दोन फूट रुंद टब किंवा अर्धा कापलेला ड्रम लागतो. फुलांना बादली, तेलाचा डबा चालतो. बुडाला भोके पाडा. रसायनाचा किंवा कीटकनाशकाचा ड्रम, जुन्या बॅटरीचे खोके घेऊ नका. त्यातले विष मातीत उतरते. नाल्याकाठची मातीही नको. जड ड्रम पत्र्यावर किंवा कठड्यावर ठेवू नका.

पावसाळा

जून-जुलैत फळझाडे लावा. बियांच्या लिंबाला फळ यायला चार-पाच वर्षे लागतात, म्हणून रोपवाटिकेतून लिंबाचे आणि पेरूचे कलम आणा. पपईला नऊ-दहा महिन्यांत फळ येते. मात्र नर झाडाला फळ धरत नाही, म्हणून दोन-तीन रोपे लावा. बुडाशी पाणी साचले की पपई कुजते. गर्भवती महिलांनी कच्ची पपई खाऊ नये. जुलैअखेर झेंडू पेरला, तर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला हार घरच्या फुलांचा होतो.

हिवाळा

शेवंती फुलते, पेरू पिकतो. या दिवसांत पाणी कमी घाला. माती बोटाला कोरडी लागली तरच घाला. डिसेंबर-जानेवारीत मोगऱ्याची छाटणी करून शेणखत किंवा भाजीच्या सालींचे कुजलेले खत द्या.

उन्हाळा

मोगरा बहरतो. पाण्याची ओढ असते, म्हणून तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी झाडांना घाला, साबणाचे नको. मातीवर वाळलेला पाला पसरला तर ओल टिकते. कुंड्या दुपारच्या उन्हातून बाजूला घ्या. पाणी सकाळी किंवा संध्याकाळी द्या.

डासांची बाग नको

कुंडीखालची थाळी, रिकामा डबा, फुटका टब यांत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंगीचा डास अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा: थाळ्या ओता, आतून घासा, वाळवा. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात; नुसते पाणी ओतून ती जात नाहीत. हे काम गल्लीतल्या सगळ्या घरांनी एकाच दिवशी केले तर जास्त उपयोग होतो.

घरात कोणाला सतत थकवा येत असेल, जिना चढताना धाप लागत असेल, डोळ्यांच्या पापण्या आतून फिक्या दिसत असतील, तर आशाताईंना सांगा आणि आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या तिथे मोफत मिळतात. दारात लिंबू लागले म्हणून गोळी सोडू नका. दोन्ही चालू ठेवा.