‘ऑपोझिट टू द रोड’

महामार्ग रुंद होत होता त्या काळातली गोष्ट. नातवानं लिहून दिलेला अर्ज घेऊन एक म्हातारे शेतकरी माझ्याकडे आले. कचेरीतून कागद परत आला होता. त्यात इंग्रजीतून एवढंच लिहिलं होतं : ‘आय ॲम ऑपोझिट टू द रोड.’ खाली अंगठा. कचेरीतल्या बाबूनं तो वाचला आणि म्हणाला, ‘बरं, तुमचं घर रस्त्याच्या समोर आहे. मग पुढं?’

‘गुर्जी, घर कुटं समोर हाय? माही इहीर जाऊन राहिली त्यात! रस्त्याले माहा इरोध हाय,’ म्हातारबा वैतागून म्हणाले.

मी हसलो नाही. हसण्याचा अधिकार मला नव्हताच, कारण तो नातू माझाच विद्यार्थी.

आमचं गुडीहत्नूर आदिलाबादहून निर्मलच्या दिशेनं वीसेक किलोमीटरवर. आधी 7 नंबरचा म्हणायचे तो, आता 44 नंबरचा राष्ट्रीय महामार्ग गावाला लागून जातो, आणि इथूनच इंद्रवेल्ली-उटनूरचा रस्ता फुटतो. त्या फाट्यावरच्या चहाच्या टपरीत मी सकाळी बसतो. इंग्रजीचा मास्तर म्हणून सरकारनं मला निवृत्त केलं, लोकांनी केलेलं नाही. आमच्या घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात दखनी, आठवडी बाजाराला आलेल्या लोकांच्या तोंडी गोंडी. 1956 साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके तिकडं मुंबई राज्यात गेले. आम्ही इकडं तेलुगू राज्यात राहिलो, मराठीसकट. इंग्रजी शब्द आमच्या पोरांपर्यंत पोचतो तो या सगळ्या गाळण्यांतून.

तर ‘ऑपोझिट’. आमच्याकडं हा शब्द पत्ता सांगायला वापरतात. ‘बस स्टँडच्या ऑपोझिट.’ नातवाला हवा होता तो ‘ऑपोझ’. दोघे एकाच घरातले. लॅटिनमध्ये ‘ऑब’ म्हणजे समोर आणि ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणं. त्यावरून आलेल्या क्रियापदाचा मूळ अर्थ समोर ठेवणं, आडवं ठेवणं. भांडण नंतर आलं. आमच्या कापसाच्या वेचणीत हे रोज दिसतं. अंगठा बोटांच्या समोर येतो म्हणून बोंडातला कापूस चिमटीत धरता येतो. अंगठ्याच्या या हालचालीला शरीरशास्त्रात ‘ऑपोझिशन’ म्हणतात. त्यात वैर कुठलं? आकाशातही तसंच. सूर्य, मध्ये पृथ्वी आणि पलीकडं गुरू अशी ओळ लागली की इंग्रज त्याला ‘ऑपोझिशन’ म्हणतो, आपलं पंचांग प्रतियुती म्हणतं. त्या दिवसांत सूर्य मावळताना गुरू उगवतो, समोरासमोर.

आपला ‘विरोध’ मात्र वेगळ्या वाटेनं आला. संस्कृतात ‘रुध्’ म्हणजे अडवणं. रोध, अवरोध, निरोध हे त्याचेच भाऊबंद. इंग्रज समोर ठेवतो, आपण वाट अडवतो. माझ्यासमोर म्हातारबा ‘इरोध’ म्हणाले खरे, पण घरी बोलताना ‘आडवा झालो’ म्हणाले असते. तेलुगूत अडथळ्याला ‘अड्डु’ म्हणतात. त्यामुळं आमच्या पोरांना ‘आडवं’ आणि ‘अड्डु’ हे सख्खे वाटतात. असतील, नसतील.

आता व्याकरण. वर्गात तीस वर्षं याच दगडाला ठेच लागली. आपण म्हणतो, ‘मी रस्त्याला विरोध करतो.’ त्यातला ‘ला’ पोराच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. तो इंग्रजीत ‘टू’ होऊन बाहेर पडतो : ‘आय ऑपोझ टू द रोड.’ चूक. ‘ऑपोझ’ला मध्ये दलाल लागत नाही, कर्म सरळ समोर येतं : ‘आय ऑपोझ द रोड.’ काही पोरं ‘ऑपोझ अगेन्स्ट’ लिहायची. म्हणजे विरोधाच्या विरोधात! पण गंमत अशी की ‘आय ॲम ऑपोझ्ड टू द रोड’ हे मात्र बरोबर आहे. तिथं ‘ऑपोझ्ड’ हे विशेषण झालं, ‘मी या रस्त्याच्या विरोधात आहे’ असा त्याचा भाव, आणि विशेषणाला ‘टू’ लागतो. म्हणजे नातू शब्दाच्या शेपटाच्या गोंधळानंच चुकला होता. मास्तर म्हणून मी त्याला अर्धे गुण दिले असते.

‘आय ॲम ऑपोझिंग’ हाही आपला लाडका प्रयोग. ‘विरोध करत आहे’ याचं शब्दाला शब्द रूप. पण मनाची भूमिका सांगायची असेल तर इंग्रज साधा वर्तमानकाळ वापरतो. ‘ऑपोझिंग’ म्हटलं की विरोध आत्ता, या बैठकीत, उभा राहून चालू आहे असं वाटतं. ‘ॲज ऑपोझ्ड टू’मध्ये तर विरोध उरतच नाही, ‘च्याऐवजी’ एवढाच अर्थ. ‘सोयाबीन ॲज ऑपोझ्ड टू कापूस’ म्हणणाऱ्या शेतकऱ्याचं कापसाशी भांडण नसतं, त्यानं फक्त पीक बदललेलं असतं.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत ‘अनऑपोझ्ड’ येतो. मराठीत बिनविरोध. तेलुगूत त्याला म्हणतात ‘एकग्रीवम्’. ग्रीवा म्हणजे मान. सगळ्या गावाची एकच मान! हे ऐकून मराठी पोरं खो खो हसायची. पण तेलुगू पोरांनी आमच्यावर हसावं असंही पुष्कळ आहे. ‘हरकत’ घ्या. अरबीत तिचा अर्थ हालचाल. हिंदीत ती झाली आगळीक. गवयाच्या गळ्यात ती झाली सुरांची नाजूक वळणं. आणि मराठीत ती झाली आक्षेप. ‘हरकत नाही’ हे वाक्य ऐकून हैदराबादहून आलेला एक पाहुणा गोंधळून विचारत होता, कोणती हरकत, कोणी केली? उलट तेलुगूत हरकतीला म्हणतात ‘अभ्यंतरम्’, जे आम्हाला ‘आतलं’ असं ऐकू येतं. आपलं ना हरकत प्रमाणपत्र तिकडं ‘निरभ्यंतर पत्रम्’ होतं.

‘आक्षेप’ या शब्दाचं मला फार कौतुक आहे. त्यात ‘क्षिप्’ म्हणजे फेकणं. इंग्रजी ‘ऑब्जेक्ट’मध्येही लॅटिनचं फेकणंच आहे : समोर फेकणं. हजारो मैलांवरच्या दोन भाषांनी हरकतीसाठी एकच चित्र निवडलं. आणि इथंच म्हातारबांच्या अर्जाची खरी चूक होती, जी मला पहिल्या वाचनात दिसली नाही. 1956 च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यात 3सी कलम आहे. जमीन घेण्याची अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून 21 दिवसांत हितसंबंधी माणसाला हरकत घेता येते. ती लेखी लागते, कारणांसह लागते, आणि अधिकाऱ्यानं अर्जदाराला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. त्या कलमातलं क्रियापद ‘ऑपोझ’ नाहीच, ‘ऑब्जेक्ट’ आहे. आणि याच ‘ऑब्जेक्ट’ला ‘टू’ लागतो! ‘ऑपोझ’ म्हणजे तुम्ही कुठल्या बाजूला आहात ते. ‘ऑब्जेक्ट’ म्हणजे तुमचं कारण काय ते. कचेरीला बाजू नको असते, कारण हवं असतं.

‘रेझिस्ट’ हा आणखी वेगळा. ‘ऑपोझ’ तोंडानं, मतानं होतो. ‘रेझिस्ट’ला अंग लागतं, टिकून राहणं लागतं. गुलाबी बोंडअळीला पूर्वीचं बीटी बियाणं मारायचं, आता ती त्याला दाद देत नाही. ‘दाद न देणं’ म्हणजे ‘रेझिस्ट’, याहून नेमकं भाषांतर मला अजून सापडलेलं नाही. अळी बियाण्याला ‘ऑपोझ’ करत नाही, तिला मत नसतं.

माणसांचं मात्र दोन्ही असतं. आमच्या फाट्यावरून जाणाऱ्या रस्त्यावरच इंद्रवेल्ली. 20 एप्रिल 1981 ला तिथं जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा 13 मृत्यूंचा, लोक त्याहून कितीतरी मोठा सांगतात. तिथं स्तंभ आहे. त्याच्या आधी, 1940 साली, जोडेघाटला निजामाच्या पोलिसांशी लढताना गोंडांचा नेता कुमराम भीम पडला. मी दरवर्षी दहावीच्या मुलांना विचारायचो, यांच्यासाठी कोणतं क्रियापद वापराल? बहुतेकजण ‘ऑपोझ’ लिहायचे. एका गोंड मुलीनं ‘रेझिस्ट’ लिहिलं. कारण विचारलं तर म्हणाली, ‘सर, ते तिथून हलले नाहीत.’ तिला पूर्ण गुण दिले.

म्हातारबांचा अर्ज मी टपरीतच पुन्हा लिहिला. ‘ऑब्जेक्ट टू’ घातलं. खाली तीन कारणं : चालू विहीर, तिच्यावर भिजणारं शेत, आणि रस्ता दुसऱ्या बाजूनं सरकवायला मोकळी जागा आहे ही गोष्ट. अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासूनचा तो विसावा दिवस होता. दुसऱ्या दिवशी नातवानं कागद दिला, पोच घेतली. सुनावणी झाली, म्हातारबा मराठीत बोलले, मी शेजारी उभा राहून तेलुगूत सांगितलं. विहीर गेलीच. पैसे मिळाले.

तुमच्या गावावर अशी अधिसूचना आली तर दिवस प्रसिद्धीच्या तारखेपासून मोजा, गावात बातमी कळल्याच्या तारखेपासून नव्हे. अर्जात आधी कारण लिहा, राग नंतर. आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका.