आडनाव दाराबाहेर ठेवून या

दारू सोडलेल्या माणसांच्या मीटिंगांचं मला अनेक वर्षांचं वेड आहे. मी स्वतः पीत नाही, त्यामुळे घरच्यांना हा छंद कधी उमगला नाही. पण अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे ए.ए.च्या, ‘ओपन’ मीटिंगला कोणीही जाऊन बसू शकतं. महापालिकेच्या शाळेतला वर्ग असतो, फळ्यावर सकाळचा गुणाकार तसाच असतो आणि चौथीच्या बाकांत पन्नाशीची माणसं गुडघे मुडपून बसलेली असतात. एक जण उठतो, फक्त पहिलं नाव सांगतो, ‘मी अल्कोहोलिक’ म्हणतो आणि बोलू लागतो. बायकोचे दागिने गहाण टाकल्याचं सांगतो, मुलीच्या लग्नात मांडवामागे पडून राहिल्याचं सांगतो. कोणी चुकचुकत नाही, सल्ला देत नाही. चार मराठी माणसं जमलीत आणि एकही जण ‘माझं ऐका’ म्हणत मध्ये तोंड घालत नाही, हे मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. शेवटी पिशवी फिरते, ज्याला जमेल तो नोट टाकतो, चहा होतो. इथं ऐकलेलं इथंच ठेवा, असं एकमेकांना बजावून मंडळी पांगतात.

आणि बहुतेक जण ते ठेवतातही. ना कसल्या करारावर सही, ना हकालपट्टीचा अधिकार असलेला अध्यक्ष. तरी हे जमतं कसं, याच्या मागे लागलो आणि तिथंच अडकलो.

इतिहास उरकून टाकतो. १९३५ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी शेअर बाजारातला बिल विल्सन आणि सर्जन डॉ. बॉब स्मिथ हे दोन अट्टल पिणारे भेटले, डॉ. बॉबनी १० जूनला शेवटचा घोट घेतला, तोच स्थापनेचा दिवस ठरला. १९३९ मध्ये पुस्तक निघालं, त्यात दारूपासून दूर राहण्याच्या बारा पायऱ्या आल्या. आज ही संघटना सुमारे १८० देशांत आहे. मुंबई, गोवा, पुणे इथं मराठी, कोकणी, हिंदी, इंग्रजी मीटिंगा चालतात. झालं.

आता लपवण्याची गोष्ट. त्या काळी दारुड्याला खाट द्यायला इस्पितळं तयार नसत. अ‍ॅक्रनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात दाखल करून घेण्याचं काम सिस्टर इग्नेशियांकडे होतं. १९३९ मध्ये त्यांनी डॉ. बॉबचा रुग्ण ‘जठराचा तीव्र दाह’ असं लिहून आत घेतला आणि फुलं ठेवायच्या खोलीत त्याची सोय लावली. आपल्याकडेही याच जातीचं खोटं घराघरांत बोललं जातं. ‘कावीळ झालीय’, ‘गावी गेलाय’, ‘जरा विश्रांतीला ठेवलंय’. भीती खोटी नसते. नोकरी जाईल, बहिणीचं स्थळ मोडेल, सोसायटीत कुजबुज होईल. नाव झाकण्याची हमी नसेल तर माणूस दारातच येत नाही.

नाव झाकण्यामागे दुसरंही एक कारण आहे आणि मला त्याचीच जास्त भुरळ. १९४० साली क्लीव्हलँडच्या बेसबॉल संघाचा कॅचर रोली हेम्सली याने आपण ए.ए.मुळे दारू सोडली असं वर्तमानपत्रांना सांगून टाकलं. संघटनेचं नाव देशभर झालं. बिलच्या मात्र पोटात दुखलं, आणि मग तोही गावोगाव वार्ताहरांना नाव-फोटो देत सुटला. पुढे त्यातला धोका ध्यानात आला. नावाजलेला माणूस पुन्हा प्यायला लागला, त्यांच्या भाषेत ‘स्लिप’ झाला, की लोक संघटनेलाच हसणार. आणि चौघं गाजले की पाचव्यालाही गाजायचं असतं. दाखला समोर होता. १८४० मध्ये बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात सहा पिणाऱ्यांनी दारू सोडण्यासाठी वॉशिंग्टोनियन चळवळ सुरू केली. ती झपाट्याने वाढली, १८४२ मध्ये तरुण अब्राहम लिंकननेही त्यांच्यापुढे भाषण केलं. मग आपसातले वाद, बाहेरचं राजकारण आणि व्यासपीठ गाजवणारे वक्ते यांच्यात ती काही वर्षांत विरून गेली.

म्हणून ठरलं: वर्तमानपत्रं, रेडिओ, सिनेमा यांच्यापुढे सभासदाने नाव सांगायचं नाही. १९५४ मध्ये येल विद्यापीठ बिलला सन्मान्य पदवी द्यायला निघालं, त्याने नम्रपणे नाही म्हटलं. ‘टाइम’ला मुखपृष्ठावर तो हवा होता, पाठमोरा फोटोही चालणार होता, तेही नाही. १९७१ च्या जानेवारीत तो गेला, तेव्हा मृत्युलेखांतून त्याचं पूर्ण नाव जगजाहीर झालं. डॉ. बॉबच्या थडग्यावर ए.ए.चा उल्लेखसुद्धा नाही. चौकाचौकांत भाऊ-दादांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स बघून तयार झालेल्या माझ्या नजरेला हे पचायला वेळ लागला.

नियमांची गोष्ट तर त्याहून गमतीची. सुरुवातीला प्रत्येक गटाने सभासदांसाठी आपापल्या अटी केल्या होत्या. न्यूयॉर्कच्या कार्यालयाने त्या सगळ्या मागवून एकत्र केल्या, तर असं दिसलं की त्या एकदम लागू केल्या तर एकही दारुडा आत येऊ शकणार नाही! एका गावाने दवाखाना, क्लब, शिक्षण अशी टोलेजंग योजना आखून ६१ नियम केले. सगळं कोसळलं. तेव्हा म्होरक्याने बासष्टावा नियम छापून वाटला. स्वतःला फार मोठं समजू नका, असा त्याचा मथितार्थ. अखेर १९५० मध्ये क्लीव्हलँडच्या अधिवेशनात ‘बारा परंपरा’ मान्य झाल्या. दारू सोडायची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट उरली. पुढारी म्हणजे सेवक, हुकूम सोडण्याचा हक्क कुणालाच नाही.

नाव झाकण्याबद्दल डॉ. बॉबचं एक मत मला पटतं. वर्तमानपत्रात नाव देणं जितकं चूक, तितकंच गटातल्यांनाही ठावठिकाणा लागू न देणं चूक. रात्री दोन वाजता हात थरथरू लागले तर हाक मारायची कुणाला?

अर्थात पडद्याआड सगळेच सज्जन नसतात. नव्याने आलेल्या, मोडून पडलेल्या बाईच्या मागे लागणारे जुने सभासद जगभर निघालेत. म्हणून बाईला स्पॉन्सर, म्हणजे नव्या सभासदाला हात देणारा जुना सभासद, बाईच असावी असा संकेत आहे. अनामिकता गुन्ह्याला पांघरूण घालत नाही, हेही संघटनेने स्पष्ट केलंय. गुपितावरही कायद्याची मर्यादा आहे. न्यूयॉर्कजवळच्या लार्चमाँटमध्ये १९८८ च्या अखेरीस एका दांपत्याचा खून झाला. आरोपीने ए.ए.तल्या सोबत्यांना त्याबद्दल सांगितलं होतं आणि त्यांच्याच साक्षीवर तो दोषी ठरला. हे बोलणं पाद्र्यापुढच्या कबुलीसारखं गोपनीय आहे, असं एका न्यायाधीशाने २००१ मध्ये मानलं. अपील न्यायालयाने २००२ मध्ये तो निकाल फिरवला.

मग मोबाइल आला आणि २०२० ची टाळेबंदी. मीटिंगा झूमवर गेल्या. लगेच टवाळखोर घुसले, कॅमेऱ्यापुढे बाटल्या नाचवून दारूचे गोडवे गाऊ लागले. गट शिकले: आधी प्रतीक्षेत थांबवा, दारावर एक माणूस ठेवा, रेकॉर्डिंग बंद. पण खरी गळती कुणाच्या लक्षातही येत नाही अशी असते. अशाच एका खुल्या झूम मीटिंगला एक गृहस्थ ऑफिसच्या लॅपटॉपवरून आले. ते बोलू लागायच्या आत चौकटीखाली नाव, आडनाव आणि कंपनी झळकली. दार सांभाळणाऱ्याने तत्परतेने नाव बदलून फक्त ‘सुरेश’ केलं आणि मीटिंग पुढे गेली. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये तर प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. एक तरुण दुसरं सिमकार्ड घेऊन, डीपीला गणपती लावून सामील झालेला मी पाहिला. त्याने शहाणपणा केला, असं माझं मत आहे.

कंपन्यांच्या अ‍ॅपवर माझा काडीचा विश्वास नाही. दारू सोडवायला मदत करणाऱ्या मॉन्युमेंट या अमेरिकन कंपनीने ‘शंभर टक्के गोपनीय’ असं सांगून ग्राहकांची माहिती जाहिरातीसाठी मेटा आणि गूगलपर्यंत जाऊ दिली, असा ठपका तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये ठेवला. असे ग्राहक ८४ हजारांपर्यंत होते. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं, आणि दारू-ड्रग्जच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था त्या कायद्याच्या व्याख्येत येतात. मात्र तो हक्क उपचार करणाऱ्यांना बांधतो, ग्रुपमधल्या शेजाऱ्याला नाही. त्या शेजाऱ्यावर अजूनही फक्त त्या शाळेच्या वर्गातली शिस्त चालते. आणि माझ्या मते कंपन्यांच्या कागदी हमीपेक्षा तीच जास्त भरवशाची आहे.

वाचकांना एक विनंती. यंदा दिवाळीच्या पार्टीत कोणी ग्लास नाकारला, तर ‘काय रे, सोडलीस की काय?’ असं चारचौघांत विचारू नका. सरबत द्या आणि विषय बदला. आणि ज्यांना स्वतःपुरतं विचारायचंय त्यांच्यासाठी: ए.ए.च्या मीटिंगला फी नाही, आणि नाव सांगायची सक्तीही नाही.