तीन वर आणि एक ढोल

भुतांचा राजा प्रसन्न होऊन तीन वर देतो, तेव्हा माणसाने काय मागावं? राज्य, सोनं, दीर्घायुष्य. गोष्टींमधली माणसं असंच काही मागत आली आहेत. सत्यजित राय यांच्या ‘गूपी गाइन, बाघा बाइन’मधले दोघे खेडूत मात्र आधी जेवण मागतात. पोटभर खायला आणि अंगभर ल्यायला. दुसरा वर कुठेही जाता यावं म्हणून. गाणं-बजावणं थेट तिसऱ्या क्रमांकावर, आणि तेही गावाने गाण्यापायीच हाकलून दिलेलं असताना!

हा चित्रपट 1969 साली कलकत्त्यात लागला. त्याला पन्नासहून अधिक वर्षं उलटली, तरी बंगाली घरांत त्याची गाणी आजही आजोबांना आणि नातवाला सारखीच पाठ असतात. असे चित्रपट टिकले की आपण ‘निरागसता’, ‘जादू’, ‘बालपण’ हे शब्द काढून मोकळे होतो. मला ते पटत नाही. हा चित्रपट टिकला, कारण त्याच्या मध्यभागी भूक आहे, आणि भूक मुलांना कुणी समजावून सांगावी लागत नाही.

मूळ गोष्ट सत्यजित यांचे आजोबा उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांची. छपाईच्या तंत्रात, विशेषतः हाफटोन ब्लॉकच्या कामात, त्यांनी मोठं नाव मिळवलं होतं. 1913 साली त्यांनी मुलांसाठी ‘संदेश’ हे मासिक काढलं आणि ही गोष्ट त्यातच आली. 1915 मध्ये ते गेले. पुढे बंद पडलेला ‘संदेश’ 1961 साली सत्यजित यांनी कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्या साथीने पुन्हा सुरू केला. चित्रपटाचं निमित्त मात्र घरातलं. मुलगा संदीप याने बाबांकडे तक्रार केली, की तुमचे सिनेमे फार गंभीर, मोठ्या माणसांचेच असतात. ‘पथेर पांचाली’ काढणाऱ्या माणसाला पोटच्या पोराने दिलेला हा शेरा चांगलाच लागू पडला म्हणायचा.

गूपी हा आमलकी गावच्या वाण्याचा मुलगा. गळा बेसूर, पण गाण्याची हौस दांडगी. गावातले रिकामटेकडे म्हातारे त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवतात आणि तो भल्या पहाटे राजाच्या खिडकीखाली तान मारतो. राजा तंबोरा फोडतो आणि गूपीची गाढवावरून हद्दपारी होते. ढोल बडवणाऱ्या बाघाचीही हीच गत. दोघे भेटतात ते जंगलात. बाघा झोपलेला, त्याच्या ढोलावर वरून टपटप थेंब पडताहेत, आणि तो आवाज कसला म्हणून गूपी बिचकत पुढे येतो. संवाद जवळपास नाहीतच. तपेन चट्टोपाध्याय आणि रबी घोष केवळ डोळ्यांनी आणि हातवाऱ्यांनी ही भेट रंगवतात. मग एक वाघ येतो (खराखुरा, सर्कशीतला), दोघांची बोबडी वळते, वाघ निघून जातो. आणि त्या आनंदात चाललेल्या गोंधळाला भुलून भुतं जमतात.

त्या भुतांच्या नाचाबद्दल सविस्तर बोलायलाच हवं. सहा-साडेसहा मिनिटं पडद्यावर एक शब्द नाही, एक सूर नाही, फक्त ताल. उपेंद्रकिशोरांच्या गोष्टीत भुतं नाचली एवढंच येतं. कशी भुतं, कसा नाच, हे रायांनी ठरवलं. बंगालच्या मातीत कोण कोण मेलं असेल, असा विचार करून त्यांनी चार जाती केल्या: राजे आणि योद्धे, शेतकरी आणि साधी माणसं, गोरे साहेब, आणि ढेरपोटे धर्मगुरू-शेठ. प्रत्येकाला कर्नाटक संगीतातलं एकेक वाद्य दिलं. राजांना मृदंगम्, कारण त्याला शास्त्रीय भारदस्तपणा. साध्या माणसांना खंजिरी, साहेबांना घटम्, ढेरपोट्यांना मोरसिंग. साहेबांची भुतं ताठर, झटके देत चालतात. त्यासाठी कॅमेऱ्याचा वेग कमी ठेवला होता. सगळ्या जाती आधी ऐटीत नाचतात, मग आपापसांतच भांडतात आणि मरतात. मेलेली माणसं पुन्हा मरतात! शेवटी चौघे पडद्यावर एकावर एक अशा चार ओळींत नाचतात. पाच वर्षांचं पोर ते बघून टाळ्या पिटतं. त्याच्या शेजारी बसलेल्या काकांना त्या उतरंडीत दीड-दोनशे वर्षांचा इतिहास दिसू शकतो. दोघांनाही एकमेकांचं बघणं अडत नाही. ‘सहकुटुंब पाहण्याजोगा’ या शब्दाचा माझ्या लेखी हाच अर्थ.

भुतांच्या राजाचा किनरा, गुणगुणता आवाज खुद्द रायांचा. ध्वनिमुद्रणाचा वेग बदलून तो तसा केला. गाणी लिहिली त्यांनी, चाली त्यांच्याच, पोशाखांची चित्रंही त्यांनी काढली. गूपीसाठी गायले अनुप घोषाल. चाली लोकगीतासारख्या सोप्या वाटतात, म्हणायला गेलं की फसगत होते.

वर मिळाल्यावर टाळी द्यायची, की ताटं हजर. आणि इथून पुढे कथानक अन्नावरच चालतं. हल्ला राज्याचा प्रधान मांसाच्या तंगड्या ओरपत असतो आणि हाडाचा सापळा झालेला हेर समोर उभा राहून बघत असतो. गूपी-बाघा कैदेत पडतात, तेव्हा ते पहारेकऱ्यासमोर मेजवानी मांडतात. तो उपाशी माणूस ताटावर तुटून पडतो आणि हे दोघे बाहेर. शुंडी राज्यावर चालून निघालेलं हल्लाचं सैन्य तर उंटांवर बसायचंही त्राण नसलेलं. शेवटी आकाशातून मिठाईची मडकी उतरतात, सैनिक भाले टाकून धावत सुटतात आणि युद्ध होतच नाही. 1943 च्या दुष्काळात लाखो माणसं गमावलेल्या आणि 1966 साली धान्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या बंगालमध्ये हा प्रसंग प्रेक्षकांनी नुसता गंमत म्हणून पाहिला असेल, असं मला वाटत नाही.

पैशांची ओढाताण निर्मितीतही होती. रंगीत फिल्म परवडेना, म्हणून चित्रपट कृष्णधवल. फक्त अखेरचा राजकन्यांचा प्रसंग रंगीत. खरं सांगायचं तर तो शेवट घाईघाईत उरकल्यासारखा वाटतो. राजकन्या म्हणजे बक्षिसाच्या वस्तू, त्यांना ना स्वभाव ना बोलणं. आधीचे दोन तासही बायकांवाचूनच जातात. त्याउलट संतोष दत्त यांनी शुंडीचा आणि हल्लाचा असे दोन्ही जुळे राजे केले आहेत ते बघावं. हल्लाचा राजा बर्फी जादूगाराच्या औषधाने युद्धखोर होतो, अंमल उतरला की लहान मुलासारखा हळवा.

हल्लाचं राज्य म्हणजे जैसलमेरचा किल्ला, शुंडी म्हणजे बुंदी. जैसलमेरच्या पिवळ्या दगडाचा रंग कृष्णधवल फिल्मवर उतरणं शक्यच नव्हतं. रायांनी ती कसर आपल्या गुप्तहेर फेलूदाच्या ‘सोनार केल्ला’त भरून काढली, आधी कादंबरीत आणि मग 1974 च्या रंगीत चित्रपटात.

‘गूपी-बाघा’ला 1968 सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बंगालबाहेर तो फिल्म सोसायट्यांतून, उपशीर्षकांसह फिरला. आपल्याकडे या गोष्टीला एक नवा जन्मही मिळाला: पवईच्या आयआयटीत डिझाइन शिकवणाऱ्या शिल्पा रानडे यांनी ‘गोपी गवैया, बाघा बजैया’ हा हिंदी अॅनिमेशनपट केला. तो 2013 साली टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला. घरात बंगाली कळणारं कुणी नसेल, तर मुलांना आधी तो दाखवायला हरकत नाही.

स्वतः राय 1980 साली ‘हीरक राजार देशे’ घेऊन या जोडीकडे परतले. इथे उत्पल दत्त यांचा राजा हिऱ्यांच्या खाणींवर गब्बर झालेला, आणि प्रजेची डोकी धुऊन काढणारं यंत्र त्याच्या पदरी. त्या यंत्रात घालून खाणकामगाराच्या मेंदूत जो धडा भरतात, तो पुन्हा पोटाचाच: उपास घडला तर दुःख करू नये, जास्त खाण्याने चरबी वाढते. अख्खा चित्रपट यमकांत बोलतो. राजा, मंत्री, खाणकामगार, सगळे. साध्या गद्यात बोलतो तो फक्त शाळामास्तर, आणि त्याची शाळा राजाने आधीच बंद करून टाकलेली असते.