विषाणू सापडला, पण कोणता?

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्या पटापट मरू लागल्या, तेव्हा आधी संशय आला तो राणीखेतचा, म्हणजे आपल्या मानमोडीचा. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केले ते बर्ड फ्लूचे, देशातल्या पहिल्याच साथीचे. मरतूक नुसती पाहून रोग ओळखता येत नाही, हा धडा तिथे मिळाला.

मानमोडीत तर आणखी एक गुंता आहे. पिल्लांच्या डोळ्यात थेंब टाकून देतात त्या लासोटा किंवा एफ-वन लशीत हाच विषाणू जिवंत असतो, फक्त सौम्य. त्यामुळे 'राणीखेतचा विषाणू आढळला' एवढ्याच अहवालाने पोल्ट्रीवाल्याच्या हाती काही लागत नाही.

खरे उत्तर विषाणूच्या 'एफ' जनुकात असते. त्यावरून बनणारे प्रथिन एका ठरावीक जागी चिरले गेले, तरच विषाणू पेशीत शिरतो. सौम्य विषाणूतली ही जागा मुख्यतः श्वसनमार्गातली आणि आतड्यातली विकरेच चिरू शकतात, म्हणून संसर्ग तिथेच थांबतो. घातक विषाणूत या जागी, प्रथिनाच्या ११३ ते ११६ या स्थानांवर, आर्जिनीन किंवा लायसीन ही अमिनो आम्ले किमान तीन असतात आणि ११७व्या स्थानी फेनिलअॅलानीन. अशी जागा चिरणारे फ्युरिन हे विकर बहुतेक सगळ्या पेशींत असते. मग विषाणू थेट मेंदूपर्यंत पोचतो, पाय लुळे पडतात, मान पिळवटते.

विषाणूची तीव्रता मोजण्याच्या जुन्या पद्धतीत एक दिवसाच्या पिल्लांच्या मेंदूत तो टोचून आठ दिवस वाट पाहावी लागते. आता स्वॅबमधला आरएनए वेगळा करून, पीसीआरने हवा तो तुकडा वाढवून त्याचा क्रम वाचता येतो.

तरी एक मेख उरतेच. मोठ्या पक्ष्यांना टोचतात ती आर-टू-बी लस मध्यम तीव्रतेची असते आणि तिच्यातली ही जागा घातक विषाणूसारखीच दिसते. म्हणून 'एफ' जनुकाचा मोठा भाग वाचून लशीच्या विषाणूशी ताडून पाहावा लागतो.

तेव्हा मेलेले पक्षी पुरण्याआधी पशुवैद्यकाला बोलवा. नमुना बर्फात जाऊ द्या, सोबत लशीचे नाव आणि तारीख लिहून द्या. प्रयोगशाळांनीही विषाणू लशीचा की साथीचा, हे अहवालात स्पष्ट लिहिलेच पाहिजे. साथीचा असेल तर लसीकरणात कसर कुठे राहिली ते शोधता येते. लशीचाच असेल, तर मरतुकीचे कारण दुसरीकडे शोधायला हवे. अंगणातल्या दहा-बारा गावरान कोंबड्यांवर घरखर्च भागवणाऱ्या बाईलाही हे उत्तर मिळायला हवे.